झाकली मूठ आणि उघडी वही

दिवसाची कामं उरकत आली असतील. कुणी भाकरी थापत असेल, कुणी शेंगा फोडत असेल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या. आज आम्ही इतिहास सांगणार आहोत. राजांचा आणि लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. आजचा इतिहास हेव्याचा आहे. हसू नका. हेव्यालाही इतिहास असतो, आणि तो आपल्या घरातल्या कर्जाच्या हप्त्यापर्यंत येऊन पोचतो.

आधी आमच्या गटात काय झालं ते सांगतो. जिची गोष्ट आहे तिला विचारूनच सांगतोय, फक्त नाव सांगणार नाही. आमच्या गटात आम्ही बाराजणी. दर मंगळवारी बैठक. त्यातली सगळ्यात धाकटी दिवाळीनंतर यायची बंद झाली. बचतीचे पैसे पोरीच्या हाती पाठवायची, स्वतः नाही. चार मंगळवार गेले, तेव्हा आमच्यातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. ती आधी म्हणाली, सासूबाईंना बरं नाही. सासूबाई तर बाहेर ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या! मग जरा वेळाने खरं बाहेर आलं.

"ताई, तुमचं सगळ्यांचं कसं छान चाललंय. एकीनं नवी गाडी घेतली. एकीचा पोरगा पुण्यात कंपनीत लागला. एकीला पैठणी आली. रोज बघते मी स्टेटसला. मी काय तोंड घेऊन येऊ बैठकीला?"

आता खरं काय होतं ते ऐका. गाडी हप्त्यावर घेतलेली होती आणि दोन हप्ते थकले होते. पुण्यातला पोरगा सहा महिन्यांच्या कंत्राटावर होता, एका खोलीत सहाजण राहत होते. आणि पैठणी बहिणीची होती. लग्नापुरती नेसायला आणली, फोटो काढला, दुसऱ्या दिवशी परत केली. या तिन्ही बाया आपापल्या काळजीत होत्या. त्यातल्या दोघी तर त्या दिवशी तिच्या समोरच बसल्या होत्या.

गोष्ट इथे संपत नाही. धाकटीनं लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला फुग्यांची कमान, मोठा केक, फोटोवाला असं सगळं केलं होतं. 'सगळेच करतात' म्हणून. त्यासाठी आठवड्याच्या हप्त्याच्या एका कंपनीकडून तीस हजार उचलले होते. घरात नवरा सोडून कुणाला माहीत नव्हतं. आणि त्याच वाढदिवसाचा व्हिडिओ बघून आमच्यातलीच तिसरी एक बाई त्या रात्री उशीत तोंड खुपसून रडली होती, की मला माझ्या नातवाचं असं काही करता आलं नाही.

म्हणजे ही हिच्याकडे बघून झुरतेय, ती तिच्याकडे बघून झुरतेय, आणि सगळ्याजणी एकाच गल्लीत राहतोय. पुढच्या बैठकीत आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या काकूंनी विचारलं, "हे असं कधीपासून व्हायला लागलं गं? आमच्या वेळी हेवा नव्हता का?" सचिवताईंची मुलगी कॉलेजात आहे. तिला मदतीला घेऊन आम्ही शोधायला बसलो. जे सापडलं ते आज तुमच्यासमोर मांडतोय.

हेवा काही मोबाईलने आणलेला नाही. आपल्या भाषेतच बघा, त्याला किती शब्द आहेत: हेवा, मत्सर, असूया, जळफळाट. ज्या गोष्टीला इतके शब्द, ती घरात पुष्कळ वर्षं मुक्कामाला असणार. आणि रिवाज बघा. तान्ह्या बाळाच्या गालाला काजळाचा तीट. घर बांधायला काढलं की वर काळी बाहुली. पोर किरकिरलं की मीठ-मोहऱ्या ओवाळायच्या. दृष्ट खरंच लागते असं आम्ही म्हणत नाही. पोर आजारी असेल तर त्याला दवाखान्यात न्या. पण या रिवाजांमागे एक समजूत होती, ती लक्षात घ्या. आपलं चांगलं झालेलं पाहून दुसऱ्याला टोचू शकतं, हे त्या बायकांना ठाऊक होतं. म्हणून चांगलं ते थोडं झाकायचं. म्हशीला दूध जास्त असलं तर कासंडीवर फडकं टाकून न्यायचं. कुणी विचारलं, किती पिकलं, तर म्हणायचं, "आहे आपलं पोटापुरतं." झाकली मूठ सव्वा लाखाची. मुठीत जास्त असो की काहीच नसो, ती झाकलेली बरी.

तरी तुलना व्हायचीच. हळदीकुंकवाला गेलं की कुणाच्या हातात पाटल्या आहेत, कुणाच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या, हे वाणाआधी डोळ्यांनी मोजून व्हायचं. लग्नात मानपानावरून रुसवे व्हायचे. जेवणावळी उठवताना घर कर्जात जायचं. 'ऋण काढून सण' ही म्हण आपलीच आहे. जुना काळ सोन्याचा होता, असं सांगायला आम्ही बसलेलो नाही.

पण कर्जाचा विषय निघालाच आहे तर एक जुनी गोष्ट सांगून टाकतो. १२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरंदुकानं गाठली आणि कर्जाची खतं, म्हणजे लिहून दिलेले कागद, ताब्यात घेऊन जाळले. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरला. इंग्रज सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. साहेबलोकांत एक मत आधीपासूनच पक्कं होतं: हे शेतकरी लग्नाकार्यात उधळतात, म्हणून बुडतात. आयोगाने हिशोब तपासले आणि उलटंच लिहिलं. लग्नाचा खर्च ऐपतीच्या मानाने जास्त असतो खरा, पण तो कधीतरीच येतो, आणि कर्जाचं कारण म्हणून त्याचा फार गवगवा झालेला आहे. कर्जामागे पातळ जमीन होती, बेभरवशाचा पाऊस होता, जड सारा होता, अमेरिकेतलं युद्ध संपल्यावर पडलेला कापसाचा भाव होता, आणि सावकाराच्या बाजूने चालणारी कोर्टंही होती. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा झाला.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की उद्या कुणी म्हणेल, "बायका मोबाईल बघतात, हौस करतात, म्हणून घर कर्जात जातं." तेव्हा मान खाली घालू नका. पूर्ण हिशोब मागा. दवाखान्याचं किती, खतबियाण्याचं किती, शाळेच्या फीचं किती, आणि हौसेचं किती. हौसेचं असेल तेवढं आपण कबूल करू. त्याहून जास्त नाही.

आता मुद्द्यावर येऊ. जुना हेवा आणि आजचा हेवा यात फरक कुठे पडला? आम्हाला दोन गोष्टी दिसल्या. पहिली म्हणजे जुन्या काळी तुलना मोजक्या माणसांत व्हायची: गल्ली, भावकी, माहेर. दुसरी म्हणजे ज्या बाईच्या पाटल्या दिसायच्या, तिच्या घरातली रात्रीची भांडणंही भिंतीपलीकडून ऐकू यायची. तिचं गळकं छप्पर दिसायचं. तिच्या सासूचा तोंडपट्टा चालायचा तो नळावर सगळ्यांना ऐकू यायचा. 'घरोघरी मातीच्या चुली' हे कुणी शिकवावं लागत नव्हतं. चूल समोर दिसत होती.

आपल्या आईवडलांचा लग्नानंतर स्टुडिओत काढलेला फोटो आठवा. मागे रंगवलेला पडदा, वडलांच्या मनगटावर कदाचित मित्राचं घड्याळ. तोही दिखावाच होता. पण फोटो घरात एकच, भिंतीवर चौकटीत. बघणारी माणसं घरी येऊन, चहा पिऊन बघायची. घड्याळ कुणाचं ते त्यांना ठाऊक असायचं.

तुलनेचा शास्त्रीय अभ्यास मात्र अमेरिकेत झाला. १९५४ साली लिऑन फेस्टिंजर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने एक विचार मांडला. साध्या भाषेत तो असा: माणसाला आपण किती पाण्यात आहोत ते जाणून घ्यायची गरज असते. जिथे मोजायला वजनकाटा असतो तिथे तो काट्यावर मोजतो. जिथे काटा नसतो तिथे तो दुसऱ्या माणसाकडे बघून स्वतःला मोजतो. आणि तो बघतो आपल्यासारख्याच माणसाकडे.

आपल्या शिवारात हे लावून बघा. ज्वारी किती झाली ते काटा सांगतो. पण 'मी चांगली आई आहे का?', 'माझा संसार नीट चाललाय का?' याला कुठला काटा? म्हणून मग नजर शेजारी जाते. मुंबईतल्या अब्जाधीशाचा बंगला टीव्हीवर बघून आपली झोप उडत नाही. जावेच्या घरी नवा मिक्सर आला की उडते. फेस्टिंजर महाराष्ट्रात राहिलेला नव्हता, पण त्याने जावाजावांचं बरोबर ओळखलं होतं!

तर मैत्रिणींनो, ही माणसाची सवय आधीपासूनची. पुढे या सवयीवर कुणीतरी यंत्र बसवलं. तो इतिहास फक्त वीस-बावीस वर्षांचा आहे.

२००३ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क झुकरबर्ग नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी होता. त्याने वसतिगृहांच्या संकेतस्थळांवरून विद्यार्थ्यांचे फोटो त्यांना न विचारता काढून घेतले आणि 'फेसमॅश' नावाचा खेळ केला. पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी यायचे. यातलं दिसायला जास्त चांगलं कोण, ते निवडायचं. विद्यापीठातल्या वर्तमानपत्राने छापलं, की थोड्याच वेळात साडेचारशे जणांनी बावीस हजार वेळा मतं दिली. मुलींच्या आणि इतर विद्यार्थी संघटनांनी आक्षेप घेतला, विद्यापीठाने चौकशी केली, खेळ बंद झाला आणि त्याला माफी मागावी लागली. आम्ही हे ऐकलं तेव्हा आमच्यातली एक पटकन म्हणाली, "हे तर बघायच्या कार्यक्रमासारखंच झालं! फक्त कांदेपोहे नाहीत."

पुढच्याच वर्षी, ४ फेब्रुवारी २००४ ला, त्याच विद्यार्थ्याने सोबत्यांना घेऊन फेसबुक सुरू केलं. हा वेगळा उद्योग होता: ओळखी ठेवायच्या, आपली माहिती लावायची. आधी एका विद्यापीठापुरतं, मग एकेका कॉलेजात, आणि सप्टेंबर २००६ पासून तेरा वर्षांवरच्या कुणालाही. फेब्रुवारी २००९ मध्ये त्यात अंगठ्याचं बटण आलं, आपलं 'लाईक'. बटण तसं चिमुकलं, पण त्याने एक मोठी गोष्ट केली. आतापर्यंत कौतुकाला आकडा नव्हता. कुणी म्हणायचं "साडी शोभते हो", की संपलं. आता हिच्या फोटोला एकशेवीस, माझ्या फोटोला अकरा, असं सगळ्यांसमोर लिहिलेलं दिसायला लागलं. फेस्टिंजर म्हणाला होता ना, जिथे काटा नाही तिथे माणूस माणसाकडे बघतो? तिथे आता खोटा काटा आला.

ऑक्टोबर २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं, सगळं फोटोंचंच. फोटो उजळ करायच्या युक्त्या त्यातच. सप्टेंबर २०१६ मध्ये आपल्याकडे जिओ सुरू झालं आणि इंटरनेटचे दर धाडकन खाली आले. जे शहरात होतं ते बांधावर पोचलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये व्हॉट्सॲपवर आजचं फोटो-व्हिडिओचं स्टेटस आलं: चोवीस तास राहायचं, मग नाहीसं व्हायचं, आणि कुणी कुणी बघितलं त्याची यादी मिळायची. आपल्या गावातल्या हेव्याचं मूळ बघायचं तर आम्हाला या स्टेटसमध्ये दिसतं. कारण स्टेटसला नट-नट्या नसतात. तिथे जाऊ असते, नणंद असते, माहेरची वर्गमैत्रीण असते. नेमकी तीच माणसं, ज्यांच्याशी आपण स्वतःला मोजतो.

या सगळ्याचा मनावर खरंच परिणाम होतो, की हा म्हाताऱ्या माणसांचा कांगावा? तेही तपासलं गेलंय. फेसबुक सुरुवातीला एकेका कॉलेजात टप्प्याटप्प्याने गेलं, ते आत्ताच सांगितलं. कालव्याचं पाणी जसं या गावाला आधी, त्या गावाला दोन वर्षांनी मिळतं आणि मग दोन्ही गावांच्या पिकात फरक दिसतो, तसं. तीन अर्थशास्त्रज्ञांनी हाच फरक धरून अमेरिकेतल्या कॉलेजांतल्या मुलामुलींच्या तब्येतीची जुनी उत्तरं तपासली. हा अभ्यास २०२२ साली छापून आला. जिथे फेसबुक पोचलं तिथे मुलांचं मन जास्त बिघडलेलं दिसलं, विशेषतः उदासी वाढली, आणि त्याचा अभ्यासावर परिणाम होतो असं मुलांनीच सांगितलं. ज्यांना इतरांच्या तुलनेत आपण कमी आहोत असं वाटण्याची शक्यता जास्त होती, त्यांना त्रासही जास्त. म्हणून अभ्यासकांनी कारण म्हणून तुलनेकडेच बोट दाखवलं.

दुसरा प्रयोग २०१८ सालचा. अमेरिकेतल्या काही माणसांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला सांगितलं. त्यांना दिवसाचा सरासरी एक तास मोकळा मिळाला. तो त्यांनी घरच्यांत, मित्रमंडळींत आणि टीव्हीसमोर घालवला. त्यांचं समाधान थोडं वाढलं. 'थोडं' हा शब्द आम्ही मुद्दाम म्हणतोय. मोबाईल बंद केला की सगळं दुःख जाईल असं नाही. शिवाय त्यांना देशातल्या बातम्याही कमी कळायला लागल्या.

तिसरी गोष्ट २०२१ सालची. फ्रान्सेस हॉगन नावाच्या बाई फेसबुकच्याच कंपनीत कामाला होत्या. त्यांनी कंपनीचे आतले कागद बाहेर आणले. इन्स्टाग्रामही याच कंपनीचं. त्या कागदांत कंपनीने स्वतः केलेली पाहणी होती. ज्या किशोरवयीन मुलींना आपल्या शरीराबद्दल वाईट वाटत होतं, त्यांच्यातल्या बत्तीस टक्के मुलींनी सांगितलं होतं की इन्स्टाग्राममुळे ते जास्तच वाईट वाटतं. कंपनीचं म्हणणं असं, की हा एकच तुकडा तोडून दाखवला जातोय, बाकी बऱ्याच बाबतीत मुलींना फायदाही होतो. तेही खरं असेल. पण त्याच वर्षी कंपनीने लाईकचा आकडा झाकून ठेवायची सोय सगळ्यांना दिली, हेही खरं. मूठ झाकायची युक्ती त्यांनाही सुचली म्हणायची!

यात कुणी एकाने बसून 'चला, बायकांना रडवू' असं ठरवलं असं आम्हाला वाटत नाही. या कंपन्यांची कमाई जाहिरातींवर चालते. आपण जितका वेळ बघत राहू तितक्या जाहिराती जास्त दिसतात. म्हणून बघत राहावंसं वाटेल असंच पुढे पुढे सरकवलं जातं. आणि दुसऱ्याच्या घरातला सण बघत राहावासा वाटतो. त्याच्या घरातली थकलेली लाईटबिलं कोण बघणार?

इथे आमच्या काकूंनी मध्येच विचारलं, "मग आता कुणाकडे बघायचंच नाही का? डोळे मिटून बसू?" काकूंचा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर आम्हाला आपल्याच मातीतल्या एका बाईकडे सापडलं.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेला जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती बदलून काळ्या पाण्याची झाली. त्यावरून वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं जाऊ लागलं. ताराबाईंना ते सहन झालं नाही. त्यांनी पुस्तक लिहिलं, ते १८८२ साली पुण्यात छापलं गेलं. पुस्तकाचं नाव 'स्त्री-पुरुष तुलना'. नावातच तुलना! बायकांवर जे जे दोष ठेवता ते ते पुरुषांतही आहेत की नाहीत, मग शिक्षा एकीलाच का, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. लोकांनी फार टीका केली. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले.

ताराबाईंनीही तुलनाच केली. पण ती करून त्या तोंड लपवून घरात बसल्या नाहीत, त्यांनी जाब विचारला. १९७६ साली देशात समान वेतनाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीही तुलनाच आहे: एकाच कामाला गड्याला इतके आणि बाईला त्याहून कमी, हे का? आपल्या गटांनी काय केलं? 'तुला सावकार किती टक्क्यांनी देतो? तुला किती?' असं एकमेकींना विचारलं, तेव्हाच कळलं की आपल्याला किती लुटतात. ही तुलना झाली नसती तर बचत गटाची गरज तरी कुणाला कळली असती?

तर तुलना दोन तऱ्हेची असते असं आमचं मत झालंय. एकीत पूर्ण हिशोब समोर असतो. ती केली की आपण विचारतो, 'असं का?' दुसरीत हिशोबाची एकच बाजू दिसते, जमेची. ती केली की आपण म्हणतो, 'माझंच असं का?' शब्द एकच वाढला, 'माझंच'. पण त्या एका शब्दाने बाई बैठकीला यायची बंद झाली.

आपल्या गटाची पंचसूत्री सगळ्यांना पाठ आहे: नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. त्या हिशोबाच्या वहीत जमा असते आणि नावेही असते. कुणाचं किती कर्ज, कुणाचा हप्ता थकला, सगळ्यांसमोर वाचलं जातं. सुरुवातीला आम्हाला लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण वहीत प्रत्येकीच्या नावावर काही ना काही आहेच. आमच्या आज्या मूठ झाकून ठेवायच्या. आम्ही मोबाईलवर मूठ उघडली, पण बोटांवरची फक्त अंगठी दाखवली. वही तेवढी पूर्ण उघडी राहते.

म्हणून त्या मंगळवारी आम्ही बैठकीत एक फेरी घेतली. पैशांचं काम झालं की प्रत्येकीने स्टेटसला न लावलेली एक गोष्ट सांगायची. सांगायची नसेल तर 'पुढे' म्हणायचं, जबरदस्ती नाही. आणि ऐकलेलं त्या खोलीबाहेर न्यायचं नाही. पैठणीवाली आधी बोलली, "ती माझी नव्हती गं." सगळ्या हसलो, तीही हसली. मग गाडीचे हप्ते निघाले. पुण्याच्या मुलाची खोली निघाली. पाचवीपर्यंत आल्यावर हसणं थांबलं. धाकटी त्या दिवशी आली होती, दाराशी बसली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने तीस हजारांचं सांगितलं. आठवड्याला सातशे रुपये, आणि कांद्याचे पैसे अजून आलेले नाहीत. वाढदिवसाचा व्हिडिओ बघून रडलेली बाई तिच्या शेजारीच बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त धाकटीच्या लेकीला तिने आपल्या मांडीवर घेतलं.

गटाने तिला दहा हजारांचं अंतर्गत कर्ज दिलं. त्यातून कंपनीचं ओझं थोडं कमी झालं, फिटलेलं नाही. सातशेचा हप्ता अजून चालू आहे. पण आता तो कुणाला माहीत नसलेला हप्ता नाही. एखाद्या आठवड्याला कमी पडले तर ती आधी येऊन सांगते.

मोबाईल आम्ही टाकून दिलेला नाही. आमच्या लोणच्याच्या ऑर्डरी त्याच्यावर येतात, बाजारभाव कळतो, परगावच्या लेकीचं तोंड दिसतं. आम्ही तीन गोष्टी मात्र ठरवल्यात. सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री निजताना स्टेटस बघायचं नाही, कारण तेव्हा मन हळवं असतं. कुणाचं बघून पोटात कालवलं तर नुसतं बघत न बसता तिला फोन लावायचा, "बरी आहेस ना?" विचारायचं. २०१५ साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासातही हेच निघालं होतं, की तिथे नुसतं बघत बसण्याने हेवा वाढतो आणि मन खाली जातं. आणि तिसरं, कुणाचं बघून खर्च करावासा वाटला तर आधी एक मंगळवार थांबायचं. बैठकीत बोलायचं. मग करायचा तर करायचा, हौसेलाही जागा हवीच.

एक गोष्ट जाता जाता सांगायलाच हवी. कुणाचं मन हेव्यापलीकडे जाऊन फारच खचलं असेल, झोप लागत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर ते गटाच्या बैठकीवर सोडू नका. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या नंबरावर फोन करा. तो फोन फुकट आहे, आणि मराठीतही बोलता येतं.

पुढच्या मंगळवारी तुमच्या गटात वही वाचून झाली की ती फेरी एकदा घेऊन बघा. धाकटीने एक निरोप दिलाय, तो सांगून थांबतो. ती म्हणाली, "त्यांना सांगा, लेकीच्या दुसऱ्या वाढदिवसाला मी घरी शिरा केला. सगळ्याजणी खायला आल्या. फोटो काढायचं राहूनच गेलं."

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार.